हलकी झरणी आणि तिचे आयुष्य



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांच्या मुखावर स्मित उमटले असेल. बोलण्याजोग्या इतक्या मोठमोठ्या गोष्टी जगात असता, दीड तोळा वजनाच्या फौंटनपेनावर पाव तास खर्चणारा हा गृहस्थ कोण, असेही कोणी मनात म्हटले असेल. त्यांना माझे उत्तर साधे आहे. जी वस्तू वर्षानुवर्षे आपल्या खिशात राहते, आपल्या हाताचे वळण उचलते आणि आपल्या सहीची साक्षीदार होते, ती किती टिकते आणि कशाने टिकते, हा प्रश्न संसारी माणसाला क्षुल्लक वाटण्याचे कारण नाही.

शिवाय हा प्रश्न मी होऊन काढलेला नाही. तो मला विचारण्यात आला. आमच्या शेजारची एक मुलगी यंदा महाविद्यालयात गेली. पाने भरून लिहावे लागणार म्हणून तिला फौंटनपेन घ्यावयाचे होते. दुकानदाराने तिच्यापुढे दोन पेने ठेवली. एक पितळी अंगाचे, हातात घेताच वजन जाणवणारे. दुसरे प्लॅस्टिकचे, हातात आहे की नाही अशी शंका यावी इतके हलके. पहिले जन्मभर पुरेल, दुसरे वर्षभरात मोडेल, असा दुकानदाराचा अभिप्राय पडला. मुलगी तशीच माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, हलके पेन रोजच्या वापरात टिकत नाही, हे खरे का हो?" तिला मी त्या वेळी जे थोडक्यात सांगितले, तेच आज जरा विस्ताराने सांगणार आहे.

मी पवनीचा रहिवासी. वैनगंगेच्या काठचे हे आमचे गाव टिकाऊपणाच्या बाबतीत थोडे अभिमानी आहे, आणि त्याला तसे कारणही आहे. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी येथील जगन्नाथ टेकडीचे उत्खनन केले, तेव्हा मातीखालून प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, आणि तेथील दगडांवर दान देणाऱ्या माणसांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांचे घरदार गेले, शेतीवाडी गेली. दगडावरची चार अक्षरे तेवढी उरली. तेव्हा जड ते टिकाऊ, हा समज आमच्या गावाच्या मनात खोल रुजला असल्यास त्याला दोष देता यावयाचा नाही.

परंतु याच गावाने मला दुसराही धडा दिला आहे. येथील मागांवर पूर्वी फार तलम सुताची, रेशीमकाठी वस्त्रे विणली जात आणि त्यांचा लौकिक दूरवर पसरलेला होता. ती वस्त्रे हलकी म्हणून कुचकामी, असे म्हणण्याचे धाडस कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही. सुताचा पीळ, विणीचा घट्टपणा आणि नेसणाऱ्याची रीत या तिहींवर वस्त्राचे आयुष्य ठरते. वजनावर ते ठरत नाही, हे विणकराच्या मुलाला सांगावे लागत नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, पेनाचेही तसेच आहे. पेन ज्या द्रव्याचे केले ते त्याचे सूत, त्याचे सांधे ही त्याची वीण, आणि आपण ते कसे वापरतो ही नेसण्याची रीत. या तिन्ही गोष्टी आपण क्रमाने पाहू.

प्रथम द्रव्याचा विचार. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी फौंटनपेनाला 'झरणी' असे गोड नाव दिले होते. ही झरणी रोजच्या उपयोगाची झाली ती 1884 नंतर. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या वॉटरमनने निबच्या खाली बसणाऱ्या जिभेचे पेटंट मिळविले. शाई बाहेर पडावयाची तर तिची जागा घेण्यास तितकीच हवा आत गेली पाहिजे. हे दोन्ही व्यवहार बारीक खाचांतून शिस्तीने घडवून आणणारी ही जीभच पेनाचा खरा आत्मा होय. त्या काळची पेने एबोनाइटची असत. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापविले म्हणजे जो कठीण, काळा पदार्थ तयार होतो, तो एबोनाइट. तो पाण्याहून किंचित जड असतो, आणि पितळ त्याच्या सुमारे सातपट जड असते. शाईचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि तो लेथवर उत्तम कातला जातो. ऊन आणि ओल यांनी त्याचा काळा रंग विटून तपकिरी होतो, हा त्याचा दोष. पण हा दोष रूपाचा आहे, बळाचा नव्हे.

पुढे 1924 साली अमेरिकेत शेफर यांनी सेल्युलॉइडची पेने आणली. कापूर आणि रसायनांनी सिद्ध केलेला कापूस यांपासून होणाऱ्या या द्रव्याने पेनाला रंग दिले, तसाच चिवटपणाही दिला. मात्र ते झटकन पेट घेते आणि फार उष्णतेने मऊ पडते. 1941 साली पार्कर कंपनीचे '51' हे पेन बाजारात आले, त्याचे अंग अॅक्रिलिकचे होते. 1980 साली हायडेलबर्गच्या लामी कंपनीने शाळकरी मुलांकरिता म्हणून 'सफारी' नावाचे पेन काढले. ते एबीएस नावाच्या चिवट प्लॅस्टिकचे असून त्याचे वजन जेमतेम दीड तोळा आहे. मुलांची एकमेकांत बसणारी रंगीत ठोकळ्यांची खेळणी ज्या जातीच्या प्लॅस्टिकची असतात, त्याच जातीचे हे. मुले वस्तूंचे काय करतात हे सर्व जाणतो. त्यांच्या हाती देण्यासाठी काढलेले पेन हलकेच ठेवावे, असे त्या कारखानदारांस वाटले, ही गोष्ट बोलकी आहे.

तात्पर्य, हलकेपणा हा झरणीचा जन्मजात गुण आहे. स्वस्ताईने तिला लागलेला तो कलंक नव्हे. तथापि येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. हलक्या पेनांतही दोन जाती आहेत. एबोनाइट, अॅक्रिलिक आणि एबीएस यांची पेने एका जातीची; आणि पॉलिस्टायरीन नावाच्या, काचेसारख्या चमकणाऱ्या पण तशाच ठिसूळ प्लॅस्टिकची पातळ पेने दुसऱ्या जातीची. दोन्ही तराजूत सारखीच भरतील. परंतु पॉलिस्टायरीनच्या अंगावर ताण पडत राहिला की त्यात केसासारख्या रेघा उमटतात आणि एके दिवशी त्या रेघांतून शाई पाझरू लागते. दुकानदाराचा अनुभव बहुधा या दुसऱ्या जातीचा असावा. त्याने अनुभव खरा सांगितला, कारण मात्र चुकीचे लावले.

आता पेन हातातून पडले म्हणजे काय होते ते पाहू. कारण टिकाऊपणाची पहिली परीक्षा फरशीच घेते. एकाच उंचीवरून दोन वस्तू पडल्या तर त्या सारख्याच वेगाने जमिनीवर येतात. पण आघाताची शक्ती त्यांच्या वजनाच्या प्रमाणात असते. चार तोळ्यांचे पितळी पेन आणि दीड तोळ्याचे प्लॅस्टिकचे पेन एकाच मेजावरून घरंगळले, तर पितळी पेन जमिनीवर अडीचपटीहून अधिक जोराने आदळते. मुंगी माडीवरून पडली तरी चालू लागते आणि हत्ती खड्ड्यात पडला तर उठत नाही, त्यातलाच हा प्रकार. जड पेनाचे अंग फुटत नाही हे खरे. पण त्याचा सारा भार निबवर आला म्हणजे निबची गत काय होते, ते ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावयास नको. टोपण लावलेले हलके पेन पडले तर दहांतून नऊ वेळा आपण ते उचलतो, पुसतो आणि लिहू लागतो. टोपण काढून ठेवलेले पेन पडले तर मात्र हलके काय आणि जड काय, नशिबाचाच खेळ.

मग हलकी पेने मरतात कशाने? माझ्या पाहण्यातली बहुतेक पेने सांध्यांत मेली. पेनाचे अंग मधोमध मोडल्याचे उदाहरण क्वचित. बहुधा तडकते ती टोपणाची कड किंवा झिजतात ते आटे. टोपणाच्या कडेचे दुखणे असे की, लिहिताना पुष्कळ लोक टोपण पेनाच्या मागच्या अंगाला दाबून बसवितात. पेनाचे अंग पाचरीसारखे आत शिरते आणि टोपणाच्या कडेला आतून फाकविते. दिवसातून वीस वेळा, वर्षातून तीनशे दिवस हा प्रयोग चालला, म्हणजे कडेला एक बारीक चीर पडते. पूर्वीच्या कारागिरांना हे ठाऊक होते; म्हणून ते टोपणाच्या कडेजवळ धातूचे एक बारीक कडे बसवीत. आपण त्याला शोभेची वस्तू समजतो. वास्तविक बैलगाडीच्या चाकाला जशी लोखंडी धाव, तसे टोपणाला हे कडे. फाकणाऱ्या लाकडाला ती आवळून धरते, फाकणाऱ्या टोपणाला हे. हलके पेन घेताना कडेला असे कडे आहे का, आणि नसल्यास तेथील अंग चांगले जाड ठेवले आहे का, एवढे पाहिले तरी अर्धी परीक्षा झाली.

दुसरा सांधा आट्यांचा. ज्या पेनाच्या नळीतच थेट शाई भरतात, त्याची मान आणि नळी यांच्या आट्यांतून शाई झिरपू नये म्हणून आपण ती पिळून घट्ट करतो. आज घट्ट केली, उद्या थोडी अधिक घट्ट, परवा त्याहून अधिक. शेवटी आटे तडकतात. येथे बळाचे काम नाही, वंगणाचे आहे. आट्यांवर मेणाचा किंवा हल्ली मिळणाऱ्या सिलिकोनच्या वंगणाचा अगदी पुसट हात फिरविला, की दोन बोटांनी फिरविलेली मान पुरेशी बसते आणि शाईही अडते.

तिसरी जागा निबची. निबच्या टोकाला अतिशय कठीण मिश्रधातूचा बारीक दाणा जोडलेला असतो. बाजारात त्याला सरसकट इरिडियम म्हणतात. हा दाणा कागदावर घासून वर्षानुवर्षे झिजत नाही. झिजतो तोही इतका हळूहळू, की तो लिहिणाऱ्याच्या हाताच्या कलाने घासला जातो आणि त्या हाताला अधिकाधिक गोड लागतो. निब बिघडते ती झिजून नव्हे, दाबून. याचा मोठा अपराधी म्हणजे आपली बॉलपेनाची सवय. बिरो या हंगेरियन गृहस्थांनी 1938 साली बॉलपेनाचे पेटंट घेतले आणि 1945 साली न्यूयॉर्कच्या बाजारात ती पेने विकावयास आली. तेव्हापासून जगाचा हात दाबून लिहावयास शिकला. बॉलपेनाची गोळी फिरावयाची तर दाब द्यावाच लागतो. झरणीला दाब नको असतो. तिच्या स्वतःच्या दीड तोळ्याच्या भाराने ती लिहिते. म्हणून बॉलपेनाच्या हाताने झरणी धरली, म्हणजे निबची चीर फाकते, शाई कधी लोटते तर कधी तुटते, आणि दोष मात्र पेनाच्या हलकेपणावर येतो.

आता आपल्या हवेचा विचार केला पाहिजे. कारण परदेशच्या थंड हवेत खरे ठरणारे नियम वैशाखातल्या विदर्भात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पारा 45 अंशांच्या वर गेला असता खिशातल्या पेनाने सदरा खराब केल्याची तक्रार घरोघर ऐकू येते, आणि गृहिणीचा कौल साहजिकच 'हलके पेन गळते' असा पडतो. गळण्याचे गणित मोठे मनोरंजक आहे. समजा, नळीत दोन मिलिलिटर शाई मावते आणि ती निम्मी संपली आहे. म्हणजे एक मिलिलिटर जागा हवेने व्यापली आहे. 25 अंशांच्या खोलीतून हे पेन 37 अंशांच्या हातात आले, की आतली हवा सुमारे शेकडा 4 ने फुगते. म्हणजे एक मिलिलिटरच्या पंचविसाव्या भागाइतकी शाई ती पुढे ढकलते, आणि शाईचा एक थेंब जवळजवळ तेवढाच असतो. कागदावर मध्येच पडणारा डाग तो हाच. तीन चतुर्थांश पेन रिकामे असेल तर डाग दीडपट. यावर उपाय गणितातच आहे. नळीत हवा कमी ठेवावी; म्हणजे पेन तळाला जाण्याची वाट न पाहता पुन्हा भरावे. खिशात ते निब वर करून उभे असावे, म्हणजे फुगलेली हवाच बाहेर जाईल, शाई जाणार नाही. आणि ज्या पेनात वेगळी छोटी नळी किंवा पिचकारी असते, त्यात शाईही थोडी आणि हवाही थोडी. ते आमच्याकडच्या उन्हाळ्यात अधिक निर्धास्त. एबोनाइटचे जाड अंग हाताची ऊब आत जाऊ देण्यास वेळ लावते, म्हणून जुन्या माणसांची ती पेने कमी ठिपकत.

शाईचा विषय निघालाच आहे, तर तोही पुरा करतो. हिरडा किंवा माजूफळ आणि हिराकस यांची घरगुती शाई आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली, आणि बोरूला ती मानवली. परंतु पोलादी निबला ती खाते. काजळ आणि डिंक यांची शाई तर झरणीच्या खाचांत एकदा वाळली की दगड होते. झरणीला तिच्यासाठीच केलेली, पाण्यात सहज विरघळणारी शाई द्यावी. या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. 1931 साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपल्या बंधूंच्या साहाय्याने मुंबईत शाईची भुकटी आणि वड्या तयार करण्याचा उद्योग आरंभिला. पुढे 'कॅमल' शाई आणि 'कॅम्लिन' हे नाव ज्या उद्योगामुळे प्रत्येक शाळकरी मुलाच्या तोंडी बसले, तो हाच. त्या उंटाच्या छापाची बाटली ज्या घरात नव्हती, असे शिकलेले घर एके काळी शोधावे लागले असते. आणि शाई कोणतीही असो, महिन्यातून एकदा निब आणि जीभ साध्या पाण्याने धुऊन काढावी. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. गरम पाणी मात्र वापरू नये, स्पिरिट तर मुळीच नको. त्याने कित्येक प्लॅस्टिके तडकतात. गणपतीपासून दिवाळीपर्यंत न लिहिता ठेवलेले पेन दिवाळीला चालत नाही, यात पेनाचा अपराध नाही. शाईतले पाणी उडून गेले, आणि आपण भांडे न धुता ठेवले.

येथवर द्रव्य, सांधे आणि वापर या तिहींविषयी बोललो. परंतु एवढ्यानेच पेन टिकते असे म्हणालो तर मी अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल. उरलेले अर्धे मला माझ्या वडिलांच्या पेनाने शिकविले, आणि ते सांगण्यासाठीच खरे तर मी आज येथे बसलो आहे.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांचे पेन काळ्या एबोनाइटचे, शाईसकट दोन तोळ्यांच्या आतले. 1956 साली त्यांनी ते घेतले आणि 1984 साली निवृत्त होईपर्यंत हजेरीपट, दाखले, प्रगतिपुस्तके आणि नातलगांना पत्रे, सर्व त्यानेच लिहिले. त्यांच्यामागे ते माझ्याकडे आले. त्याचा काळा रंग विटून चहासारखा झाला होता, कडे सैल झाले होते. पण निबचा दाणा वडिलांच्या हाताच्या तिरक्या कलाने असा घासला गेला होता की, कागदावर ठेवताच माझा हात आपोआप त्यांच्यासारखा वळे. माझे 'श्री' त्यांच्या 'श्री'सारखे उमटे. हे सुख किती मोठे, ते ज्याचे वडील गेले आहेत त्याला कळेल.

एके दिवशी माझ्याच निष्काळजीपणाने ते शहाबादी फरशीवर पडले. टोपणाची कड आधीच दुबळी होती. ती दोन ठिकाणी चिरली. टोपण बसेना, आणि टोपणावाचून निब रात्रीतून वाळू लागली. पहिल्या दुकानात मला सांगण्यात आले की, एवढ्याशा पेनाची दुरुस्ती कोण करतो, नवे घ्या. दुसऱ्या दुकानात तेच, तिसऱ्यातही तेच. घरी येऊन मी ते पेन कपाटात ठेवले, आणि खोटे कशाला सांगू, त्या रात्री मला वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटले. द्रव्य शाबूत, आटे शाबूत, निब शाबूत. आणि तरीही पेन मेलेले. त्याला मारले ते हलकेपणाने नव्हे, दुरुस्त करणारा हात नाहीसा झाल्याने.

पुढे कित्येक महिन्यांनी पेने कातणाऱ्या एका वृद्ध कारागिराची गाठ पडली. त्याने एबोनाइटची कांब लेथवर चढविली, जुन्या टोपणाची मापे घेतली, आटे पाडले, जुने कडे पुन्हा चढविले आणि दोन तासांत नवे टोपण माझ्या हाती ठेवले. निबला हात लावू का, असे त्याने विचारले, तेव्हा मी जवळजवळ ओरडूनच नको म्हणालो. तो हसला, त्याला ते समजले. आज माझ्या पेनाचे टोपण काळेभोर आहे आणि अंग तपकिरी. दिसावयास ते विजोड दिसते. ते पेन वडिलांचेच राहिले की नाही, याचा वाद तार्किकांनी घालावा. लिहिताना मला शंका येत नाही.

एबोनाइटचे पेन असे पुन्हा उभे राहू शकते, कारण ते कांबीतून कातलेले असते. एक भाग गेला तर तेवढाच नवा कातता येतो. आपल्या देशात ही कला फार मोठ्या हेतूने जोपासली गेली. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या भावनेने फौंटनपेने बनविण्यास आरंभ केला. त्यांचे पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे आले. त्या वेळी गांधीजींचा मुक्काम आमच्या विदर्भातच, वर्ध्याला होता. जुलै 1935 मध्ये त्यांनी रत्नम यांना पत्र लिहून पेन मिळाल्याबद्दल आभार मानले, आपण ते वापरून पाहिल्याचे कळविले, आणि बाजारातल्या परदेशी पेनांच्या जागी ते चांगले चालण्यासारखे आहे असा अभिप्राय दिला. वापरल्यावाचून अभिप्राय न देण्याची ही रीत मला त्या अभिप्रायाइतकीच मोलाची वाटते. पुढे मुंबईतही विल्सन, एअरमेल अशा नावांची देशी पेने निघाली आणि शिक्षक, कारकून, वकील, विद्यार्थी यांच्या खिशांत जाऊन बसली. तेव्हा गावोगावच्या बाजारात निब बदलून देणारा, जीभ घासून बसविणारा, टोपण जुळवून देणारा कोणीतरी असे. त्याची पाटी नसे, पण पेनाच्या आयुष्यात त्याचा वाटा कारखानदाराहून कमी नव्हता.

आज हा माणूस दुर्मीळ झाला आहे, आणि त्याला आपणच दुर्मीळ केले आहे. संपले की टाका, अशी पेने आपण घरात आणली. त्यांची सोय मी नाकारीत नाही. कार्बन ठेवून प्रती काढावयाच्या असल्या, पावसात पत्ता पुसू द्यावयाचा नसला, किंवा रांगेत उभे राहून घाईने अर्ज भरावयाचा असला, तर मीही खिशातले बॉलपेनच काढतो. परंतु जी वस्तू दुरुस्तच होऊ शकत नाही, तिच्याविषयी टिकाऊ की तकलादू हा प्रश्नच उरत नाही. ती टाकण्यासाठीच जन्माला आलेली असते. म्हणून पेन घेताना वजन पाहण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: याचा भाग मोडला तर मिळेल का, आणि निब व जीभ हाताने काढून पुन्हा बसविता येते का? ज्या पेनाचे उत्तर होकारार्थी, ते पिसासारखे हलके असले तरी निर्धास्त घ्यावे. ज्याचे उत्तर नकारार्थी, ते सोन्याने मढविलेले असले तरी ते उसने आणल्यासारखेच समजावे.

त्या मुलीने अखेर हलके पेनच घेतले. आम्ही दोघांनी मिळून दुकानात टोपणाची कड पाहिली, मान दोन बोटांनी फिरवून आटे पाहिले, निब ओढून पुन्हा बसविली. दुकानदार थोडा चकित झाला. पण पुढच्या खेपेस सुट्या निबा मागवून ठेवतो, असे तो आपण होऊन म्हणाला. मला त्या दिवशी पेनाहून त्याचे हे वाक्य अधिक मोलाचे वाटले. गिऱ्हाईकाने विचारले तर दुकानदार ठेवतो, आणि दुकानदाराने ठेवले तर कारागीर जगतो.

घरी परतताना मी तिला दोनच गोष्टी बजावल्या. पेन दाबून लिहू नकोस, आणि रिकामे होण्याची वाट पाहू नकोस. तिसरी सांगण्याचे मी टाळले, कारण ती सांगून कळत नाही. काही वर्षांनी त्या निबचा दाणा तिच्या हाताच्या कलाने घासला जाईल, आणि मग ते पेन दुसऱ्या कोणाच्या हाती नीट चालणार नाही. जगन्नाथ टेकडीच्या दगडांवर दात्यांची नावे राहिली. आपली अक्षरे कागदावरची, ती तितकी राहणार नाहीत. पण आपल्या हाताचे वळण निबच्या एका कठीण दाण्यात जपून ते पुढच्या पिढीच्या हाती देण्याची सोय या दीड तोळ्याच्या वस्तूत आहे. एवढ्याकरिता तिला महिन्यातून एकदा ओंजळभर पाणी द्यावे आणि मोडली तर नीट करून घ्यावी, इतकीच माझी आपणांस विनंती.